पर्तगाळीचा राम

शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. मी धुळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवलं. पोळ्याच्या सुमाराला मुलं मातीचे बैल करायला बसली की सुतारांचं नाव निघाल्याशिवाय तास संपत नसे. त्यामुळे दक्षिण गोव्यातल्या पर्तगाळी मठात त्यांनी घडवलेली श्रीरामाची ७७ फुटी कांस्यमूर्ती उभी राहिली आणि २८ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिचं अनावरण झालं, हे वाचलं तेव्हाच जायचं ठरवून टाकलं. माझी एक विद्यार्थिनी लग्न होऊन मडगावला गेली आहे. सासर मठाच्या शिष्यवर्गातलं. ‘बाई, तुम्ही फक्त या, बाकी मी बघते,’ म्हणाली.

मडगावहून कारवारच्या दिशेने निघालं की करमल घाटानंतर कणकोण येतं. बहुतेक गाड्या पाळोळेच्या किनाऱ्याकडे वळतात. आम्ही कणकोणचं चावडी गाव मागे टाकून पैंगीणच्या बाजूला गेलो. कुशावती नदीच्या काठी, माडा-पोफळींच्या गारव्यात मठ आहे. गाडीतून उतरताच मी मूर्तीच्या दिशेने चालू लागले, तर विद्यार्थिनीच्या सासूबाईंनी हात धरून थांबवलं. ‘आदीं भितरलो राम, मागीर भायलो,’ त्या म्हणाल्या. आधी आतला राम, मग बाहेरचा. हा क्रम पाळला म्हणून मला पुढचं सगळं समजलं.

आतला राम हा पूजेचा. नित्य अभिषेक, नैवेद्य, आरती. हा मठ गौड सारस्वत ब्राह्मणांमधल्या वैष्णवांचा, मध्वाचार्यांच्या द्वैत परंपरेतला. गोव्यातले स्मार्त सारस्वत कवळे मठाचे, वैष्णव पर्तगाळीचे, अशी ढोबळ विभागणी आहे. उडुपीच्या पलिमार मठाच्या परंपरेतून नारायण तीर्थांनी १४७५ च्या सुमारास हा मठ सुरू केला, म्हणून २०२५ मध्ये ५५० वर्षांचा उत्सव झाला. तिसरे स्वामी जीवोत्तम तीर्थ. त्यांचं नाव मठाला कायमचं चिकटलं: श्री संस्थान गोकर्ण पर्तगाळी जीवोत्तम मठ. मुंबईकरांना वडाळ्याचं राममंदिर आणि तिथला जीएसबी गणपती माहीत असतो. ती वास्तूही याच मठाची शाखा.

रामाच्या जोडीला इथे वीरविठ्ठल आहे. सासूबाईंनी तो मला मुद्दाम सांगितला. ‘तुमचो पंढरपूरचो, आमचो हो,’ असं म्हणताना त्यांना फार आनंद झाला होता. स्वामी प्रवासाला निघतात तेव्हा पूजेच्या मूर्ती त्यांच्याबरोबर जातात, मुक्काम पडेल तिथे पूजा मांडली जाते. चातुर्मासात मात्र स्वामी एकाच ठिकाणी राहतात. आषाढात शिष्य तप्तमुद्रा घेतात. होमावर तापवलेल्या शंख-चक्राच्या धातूच्या मुद्रा हातावर टेकवतात. सासूबाईंनी बाही जराशी वर करून दाखवली. खूण केव्हाच निवली होती, पण बोट मात्र त्यांनी नेमक्या जागेवर ठेवलं.

देव असे बरोबर नेण्याजोगे असणं, यात या समाजाचा सगळा इतिहास आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतली देवळं पाडली. लोकांनी देव उचलले आणि पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर नेले. कुट्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. मठाची गादीही एका जागी राहिली नाही. गोकर्ण, भटकळ असे मुक्काम झाले आणि सतराव्या शतकात पर्तगाळीला मुख्य ठाणं आलं. कणकोण तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हतं. ते त्यांच्याकडे गेलं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तोवर त्यांचा सुरुवातीचा धर्मज्वर ओसरला होता.

हे ऐकून बाहेर आले आणि मग मूर्तीकडे पाहिलं. ज्यांच्या पणज्यांनी देव पदराखाली झाकून खाडी ओलांडली असेल, त्यांनी आता असा राम उभा केला आहे की जो कुणालाही उचलून नेता येणार नाही, लपवता येणार नाही. जगातली रामाची सर्वांत उंच मूर्ती, असं तिच्याबद्दल सांगतात. मला त्या विक्रमाचं विशेष नाही. आपला देव उघड्यावर, निर्धास्त उभा आहे, हे त्या माणसांना किती हवं होतं, ते सासूबाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चित्रकलेच्या बाईची सवय म्हणून मी वही काढली, पेन्सिल हात लांब करून धरली आणि प्रमाण मोजू लागले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दशरथपुत्र रामाची मूर्ती १२० अंगुळांची करावी असं सांगितलं आहे. १२ अंगुळांचा एक ताल, म्हणजे ही दशताल मूर्ती. पण चौथऱ्याजवळ उभं राहून मोजलं तर एक उत्तर, मागे सरकून मोजलं तर दुसरं. सात मजली इमारतीएवढ्या मूर्तीत पाय भरघोस दिसतात आणि डोकं आक्रसतं. म्हणून इतक्या उंच कामात शिल्पकाराला वरचा भाग मोजूनमापून थोडा वाढवून धरावा लागतो, आणि बघणाऱ्याला ते कळताही कामा नये. जवळून मला हनुवटी आणि धनुष्याचा हातच दिसत होता. मागे जात राहिले तसा चेहरा खुलत गेला. शांत आहे. आवेश नाही. मला तो फार आवडला.

असे पुतळे एकसंध ओतत नाहीत. आधी मातीचा लहान नमुना, मग मापं घेऊन तो मोठा करायचा, त्याचे भाग पाडून साचे घ्यायचे आणि एकेक भाग वेगळा ओतायचा. कांस्यात मुख्य तांबं, जोडीला कथील आणि इतर धातू. ओतीव भाग पोलादी सांगाड्यावर चढवून वेल्डिंग करतात, जोड घासून मिटवतात, शेवटी रसायनांनी रंग आणतात. आत पोकळीच असते. मी जोड शोधत सगळीकडून फिरले. खालून तरी एकही दिसला नाही.

सुतारांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिक्षण घेतल्यावर १९५०च्या दशकात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचं काम केलं. पुढे गांधीसागर धरणावरची ४५ फुटी चंबळदेवी, आणि उतारवयात १८२ मीटरचे सरदार पटेल. लोक पटेलांची उंची सांगतात. मी मुलांना वेरूळचंच सांगत आले, कारण झिजलेल्या दगडात बोटांनी मूळ आकार शोधणाऱ्या माणसाला प्रमाण कळतं. पर्तगाळीच्या अनावरणानंतर तीन आठवड्यांच्या आत, १७ डिसेंबर २०२५ रोजी, वयाची शंभरी ओलांडून ते गेले.

समुद्र इथून लांब नाही. खारा वारा आणि कोकणातला पाऊस कांस्यावर आधी तपकिरी, मग हिरवट थर चढवतात. सारखा चढलेला थर धातूला राखतो. पण क्षारांनी खड्डे पाडायला सुरुवात केली की धातू पोखरला जातो. त्यासाठी नेमाने धुणं, मेणाचा लेप, जोडांची आणि आतल्या सांगाड्याची तपासणी लागते. मठाने हे काम जाणत्या माणसांकडे कायमचं सोपवावं, पूजेच्या नेमासारखाच त्याचाही नेम असावा, असं मी सासूबाईंना कळकळीने म्हणाले. त्यांनी तिथल्याच एका कार्यकर्त्याला हाक मारली आणि सगळं पहिल्यापासून, मेणासकट, पुन्हा सांगायला लावलं.