लक्षण, पिनकोड आणि एक्सएमएल स्कीमा

आजचा विषय संगणकाचा असला तरी सुरुवात गायीपासून करतो. न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितलेत. ‘गाय म्हणजे कपिल रंगाची’ म्हटलं की पांढऱ्या गायी सुटतात, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली’ म्हटलं की म्हैसही आत येते; ही अतिव्याप्ती. ‘एकच अखंड खूर असलेली’ म्हटलं तर गायच सापडत नाही, हा असंभव.

आता एक्सएमएलकडे या. माहितीच्या प्रत्येक भागाला नावाची खूण लावून ती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पाठवायची, ही ती पद्धत. कुठल्या खुणेत काय चालेल हे स्कीमा ठरवतो. २००१ साली प्रमाण झालेल्या एक्सएमएल स्कीमात स्ट्रिंग, इंटिजर, डेट असे प्रकार तयार मिळतात. आपला वेगळा प्रकार हवा असेल तर ‘सिंपल टाइप’ लिहायचा: एक मूळ प्रकार घ्यायचा आणि ‘रिस्ट्रिक्शन’मध्ये त्याला बंधनं घालायची.

पिनकोडच घेऊ. सहा आकडी, म्हणून मूळ प्रकार इंटिजर आणि ‘टोटल डिजिट्स’ सहा. बरोबर वाटतं ना? पण ही मर्यादा ‘जास्तीत जास्त सहा’ अशी आहे, म्हणून ४२ चालतं. ०४११००४ सुद्धा चालतं, कारण संख्येत सुरुवातीच्या शून्याला किंमत नसते. झाली अतिव्याप्ती! अहो, पिनकोडची बेरीज कोण करतो? ते आकड्यांत लिहिलेलं नाव आहे. म्हणून मूळ प्रकार स्ट्रिंग घ्या आणि ‘पॅटर्न’ द्या: पहिला आकडा १ ते ९, पुढचे पाच ० ते ९. इथे आळसाने बॅकस्लॅश-डी लिहिलंत, तर इंग्रजीच काय, देवनागरी आकडेही चालतील. हवे असतील तर उत्तम, पण ते ठरवून व्हावं.

याच पॅटर्नसोबत चुकून ‘मॅक्स लेंग्थ’ पाच लिहिलं, की एकही पिनकोड बसणार नाही. हा असंभव.

अव्याप्तीचा त्रास मात्र माणसांना होतो. नावासाठी फक्त ए ते झेड अक्षरं ठेवली, की गोव्यातल्या एखाद्या डिसोझा बाईंचा अर्ज परत येतो, कारण इंग्रजीत त्या आडनावात अपॉस्ट्रॉफी लिहितात. संगणक म्हणतो, नाव चुकलं. चुकलेलं असतं आपलं लक्षण.

आणि ९९९९९९ पॅटर्नमध्ये बसलं म्हणून तिथे पोस्ट ऑफिस असेलच असं नाही. स्कीमा रूप तपासतो, सत्य तपासणं आपल्याकडेच राहतं.

तेव्हा प्रकार लिहिण्याआधी दोन याद्या करा: आत यायलाच हवेत असे नमुने, आणि येता कामा नयेत असे. पहिली यादी जास्त काळजीने करा.