बिलियर्ड्सचे हौशी विजेते

कॅरम आपण चटईवर बसून खेळतो. बिलियर्ड्स उभ्याने खेळतात. टेबल १२ फूट लांब, ६ फूट रुंद. त्याला सहा भोके आणि चेंडू फक्त तीन! लांब काठीने आपला चेंडू मारायचा. तो बाकीच्या दोन्ही चेंडूंना लागला की २ गुण. लाल चेंडू भोकात गेला की ३ गुण.

हौशी म्हणजे पैशासाठी न खेळणारा. हौशी खेळाडूंची मोठी स्पर्धा १९२६ साली लंडनला सुरू झाली. जो अर्लॅम पहिले विजेते. पण ती फक्त इंग्रजांच्या साम्राज्यातल्या देशांची होती, मग जगाची कशी? पुढे तिला जागतिक म्हणू लागले.

ऑस्ट्रेलियाचे बॉब मार्शल १९३६, १९३८, १९५१ आणि १९६२ असे चारदा जिंकले. पहिल्या आणि शेवटच्या विजयात २६ वर्षे गेली!

१९५८ ला स्पर्धा कलकत्त्याला झाली. तेव्हा विल्सन जोन्स जिंकले. त्यांचा जन्म पुण्याचा. एकट्याने खेळायच्या खेळात स्वतंत्र भारताचे ते पहिले जगज्जेते. गुरुजींनी सांगितले तेव्हा आम्हाला खरेच वाटेना. आम्ही म्हणालो, कुस्तीवाला असेल. १९६४ ला न्यूझीलंडमध्ये जोन्स पुन्हा जिंकले. नंतर मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ ला जिंकले.