जहाजाचे वय आणि जहाजाचे आकारमान

सागरी सहलींची जहाजे उत्तरोत्तर मोठी होत चालली आहेत आणि जवळजवळ प्रत्येक नवे जहाज 'जगातील सर्वांत मोठे' म्हणून पाण्यात उतरत आहे, अशा बातम्या वारंवार वाचावयास मिळतात. जानेवारी २०२४ मध्ये 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज मायामीहून पहिल्या सफरीवर निघाले, तेव्हाही हेच घडले. वीस मजले, ३६५ मीटर लांबी, ७,६०० पर्यंत प्रवासी आणि २,३५० कर्मचारी असा त्याचा पसारा. अशा आकड्यांनी वाचक दिपून जातो. परंतु मोठे म्हणजे चांगले काय, आणि जुने म्हणजे टाकाऊ काय, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

हा प्रश्न आता केवळ परक्यांचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०२४ साली 'क्रूझ भारत मिशन' हाती घेतले असून मुंबई हे त्यातील एक प्रमुख बंदर आहे. कोणत्या जहाजांसाठी धक्के बांधावयाचे आणि कोणत्या जहाजांना निमंत्रण द्यावयाचे, हे ठरविणे म्हणजे सार्वजनिक पैसा कोठे घालावयाचा हे ठरविणे होय. त्या दृष्टीने एकाच कंपनीची जहाजे वयाच्या आणि आकाराच्या क्रमाने शेजारी शेजारी मांडून पाहणे उद्बोधक ठरते. 'रॉयल कॅरिबियन' ही कंपनी यासाठी सोयीची आहे. कारण तिच्या ताफ्यात १९९६ सालचे 'ग्रँडर ऑफ द सीज' आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेवेत आलेले 'स्टार ऑफ द सीज' एकाच वेळी नांदत आहेत.

मापाचा अर्थ

प्रथम मापाविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'आयकॉन'चे ग्रॉस टनेज २,४८,६६३ आहे, असे म्हटले की जहाजाचे वजन तेवढे टन आहे अशी समजूत होते. वस्तुतः हे माप वजनाचे नसून जहाजातील बंदिस्त जागेच्या घनफळाचे आहे. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये ठरलेली आणि १९८२ पासून अमलात आलेली ही पद्धत आहे. म्हणजेच ग्रॉस टनेज हे घराच्या वजनापेक्षा घराच्या चटईक्षेत्राशी अधिक जवळचे आहे. ते एकदा ध्यानात घेतले की पुढची तुलना सोपी होते.

१९६८ साली नॉर्वेतील जहाजमालकांनी ही कंपनी स्थापन केली. तिचे पहिले जहाज 'साँग ऑफ नॉर्वे' १९७० साली आले. ते सुमारे १८,४०० टनांचे होते आणि त्यात सातशेहून थोडे अधिक प्रवासी राहत. १९८८ साली फ्रान्समधील सेंट नझेर येथे बांधलेले 'सॉव्हरिन ऑफ द सीज' आले ते ७३,००० टनांचे. अवघ्या अठरा वर्षांत आकार चौपट झाला. १९९९ साली 'व्हॉयेजर' १,३७,००० टनांचे, २००६ साली 'फ्रीडम' १,५४,००० टनांचे आणि २००९ साली 'ओएसिस' २,२५,००० टनांचे. त्यानंतर मात्र वाढीचा वेग एकदम मंदावतो. 'ओएसिस' ते 'आयकॉन' या पंधरा वर्षांच्या काळात सर्वांत मोठ्या जहाजाचा आकार जेमतेम दहा टक्क्यांनी वाढला. जाहिरातीत प्रत्येक विक्रम नवा दिसतो; आलेख मात्र सपाट होऊ लागला आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अशी वक्ररेषा ओळखीची वाटावी.

प्रवाशाच्या वाट्याला काय आले?

एकूण टनेजाला प्रवाशांच्या संख्येने भागले तर दरडोई जागा कळते. खोलीत दोघे याप्रमाणे हिशेब केल्यास 'साँग ऑफ नॉर्वे'वर हा आकडा पंचविसाच्या आसपास येतो, 'सॉव्हरिन'वर बत्तीस, 'ग्रँडर'वर सदतीस. २००१ ते २००४ या काळात आलेल्या 'रेडियन्स' वर्गातील जहाजांवर तो बेचाळीस आहे आणि 'आयकॉन'वर चव्वेचाळीस. या मांडणीतून एक लक्षणीय गोष्ट निष्पन्न होते. पहिल्या तीस वर्षांत प्रवाशाला मिळणारी जागा खरोखरच वाढली. परंतु ९०,००० टनांचे 'रेडियन्स' आणि २,४८,००० टनांचे 'आयकॉन' यांत आकाराचा फरक पावणेतीन पटींचा असूनही प्रवाशाच्या वाट्याला आलेली वाढ नाममात्र आहे. जहाज वाढले ते मुख्यतः अधिक माणसे मावावीत म्हणून.

कर्मचाऱ्यांचा हिशेब त्याहून बोलका आहे. याच कंपनीचे १९९० सालचे 'नॉर्डिक एम्प्रेस' हे ४८,५६३ टनांचे जहाज सुमारे १,६०० प्रवाशांसाठी पावणेसातशेच्या आसपास कर्मचारी बाळगीत असे. म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे सुमारे २.४ प्रवासी. 'आयकॉन'वर दोघांच्या खोलीचा हिशेब धरून ५,६१० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी. गुणोत्तर पुन्हा २.४ च. चौतीस वर्षांचे तंत्रज्ञान आणि पाचपट आकार यांमुळे दर माणशी लागणाऱ्या श्रमात काहीही बचत झाली नाही. कारण उघड आहे. अंथरूण घालणे, ताट वाढणे, भांडी घासणे ही कामे मोठ्या यंत्राने कमी होत नाहीत. सेवाव्यवसायातील श्रमाची उत्पादकता कारखान्याप्रमाणे वाढत नाही, हे विल्यम बाउमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दाखवून दिले होते. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात त्या दर्यावर्दी नोकरदारांना, आणि कोकणातील व मुंबईतील त्यांच्या भाऊबंदांना, या जहाजांवर आजही काम मिळते त्याचे एक कारण हेच आहे.

मग मोठ्या जहाजात नफा कोठून येतो? घनफळ वाढते त्या प्रमाणात बाह्य पृष्ठभाग वाढत नाही. त्यामुळे पोलाद आणि इंधन यांचा दरडोई खर्च घटतो. कप्तान एकच लागतो, सुकाणूची खोली एकच लागते. नाट्यगृह, जलक्रीडेचे कुंड, बर्फावरील खेळांचे रिंगण हा स्थिर खर्च अधिक डोक्यांवर वाटला जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जहाज हेच गाव बनल्यामुळे प्रवाशाचा खर्च किनाऱ्यावरील दुकानात न होता जहाजावरच होतो.

बंदरांवरील भार

येथून पुढे कंपनीचा लाभ आणि बंदराचा लाभ यांची वाट वेगळी होते. जुन्या पनामा कालव्याच्या दरवाजांतून सुमारे ३२ मीटर रुंदीचेच जहाज जाऊ शकत असे. 'रेडियन्स' वर्गाची रुंदी त्या बेताने ठेवलेली होती. 'व्हॉयेजर'ने ती मर्यादा ओलांडली. 'ओएसिस' वर्गाची जहाजे यावीत म्हणून जमैकातील फाल्मथ येथे बंदर प्राधिकरण आणि कंपनी यांच्या भागीदारीत नवा धक्का उभारला गेला आणि तो २०११ मध्ये सुरू झाला. एवढे भांडवल सर्वच बंदरांना कोठून परवडावे? व्हेनिसने उलटी दिशा धरली. ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरील जहाजांना शहराच्या मध्यवर्ती जलमार्गात मज्जाव झाला. कंपनीचे १९७० सालचे पहिले जहाज टनेजाच्या या कसोटीला उतरले असते. आजच्या ताफ्यातील एकही उतरत नाही.

याला कंपनीने काढलेला तोडगाही ध्यानात घेण्याजोगा आहे. बहामातील कोकोके या खासगी बेटावर २५ कोटी डॉलर खर्चून तिने २०१९ साली स्वतःचे विहारस्थान नव्याने उभारले. मोठे जहाज तेथे सुखाने लागते आणि प्रवाशाचा पैसा कंपनीच्याच पेटीत राहतो. गावातील खानावळवाला आणि टॅक्सीवाला यांचा त्या हिशेबात समावेश नाही.

वय म्हणजे काय?

आकाराप्रमाणेच वयाचाही बाऊ केला जातो. हिशेबाच्या वह्यांत अशा जहाजाचे आयुष्य साधारणतः तीस वर्षे धरून घसारा काढतात. परंतु वहीतील वय आणि सांगाड्याचे वय या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'साँग ऑफ नॉर्वे' १९७८ साली मधोमध कापून त्यात नवा भाग बसविण्यात आला. 'एन्चँटमेंट ऑफ द सीज'वर २००५ साली असाच प्रयोग झाला आणि ते २२ मीटरनी लांबले. अंतर्भागाची सजावट तर दर काही वर्षांनी बदलते. नवे जहाज सुरक्षित आणि जुने धोक्याचे, हा समजही तपासून घ्यावा लागतो. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर खडकाला धडकून कलंडलेले आणि ३२ जणांचा बळी घेणारे 'कोस्ता कॉन्कॉर्डिया' हे दुसऱ्या कंपनीचे जहाज सहा वर्षांचेही नव्हते. तेथे दोष पोलादाचा नव्हता, माणसाचा होता.

तथापि वय निरर्थक आहे असेही म्हणता येणार नाही. १९७४ च्या सागरी सुरक्षा करारातील ज्वालाग्राही सामग्रीविषयीचे कडक नियम ऑक्टोबर २०१० पासून सर्व प्रवासी जहाजांना लागू झाले आणि कित्येक वृद्ध जहाजे निवृत्त झाली. जानेवारी २०२० पासून इंधनातील गंधकाचे प्रमाण अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली आणावे लागले. नव्या 'आयकॉन'ची यंत्रे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालू शकतात. त्यामुळे गंधक आणि काजळी घटते, पण न जळता निसटणारा मिथेन हा तापमानवाढीचा नवा हिशेब मागे ठेवतो. जुन्या जहाजाचा दोष धुरातून दिसतो, नव्याचा दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

जुनी जहाजे जातात कोठे?

कोविडच्या साथीत २०२० साली हा व्यवसाय ठप्प झाला आणि वयाची कसोटी निर्दयपणे लागली. एके काळी विक्रमी ठरलेले 'सॉव्हरिन' तुर्कस्तानातील अलिआगा येथे भंगारात निघाले. त्याहून दोनच वर्षांनी लहान असलेले 'नॉर्डिक एम्प्रेस' मात्र वाचले. पुढे 'एम्प्रेस ऑफ द सीज' या नावाने वावरलेले हे जहाज कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये विकले आणि सप्टेंबर २०२१ पासून ते 'कॉर्डेलिया' कंपनीच्या नावाने मुंबईहून गोव्याकडे फेऱ्या करू लागले. अमेरिकी ताफ्यातील सर्वांत लहान जहाज भारतीय किनाऱ्यावर सर्वांत मोठे आकर्षण ठरले. ज्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या कोकणच्या आगबोटी धावल्या, तेथे सागरी प्रवास पुन्हा सुरू झाला तो एका वापरलेल्या जहाजामुळे, ही गोष्ट कमीपणाची मानण्याचे कारण नाही. नव्या बाजारपेठेत मागणी अजमावण्यासाठी स्वस्त, लहान आणि घसारा बराचसा फिटलेले भांडवल हेच शहाणपणाचे भांडवल असते.

परंतु जुने जहाज घेणाऱ्याने त्याचा शेवटही पत्करलेला असतो. फ्रान्सचे अभिमानास्पद 'फ्रान्स', जे पुढे 'नॉर्वे' आणि अखेरीस 'ब्लू लेडी' झाले, ते २००६ साली गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर आले. त्यातील अॅस्बेस्टॉसवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००७ साली तोडणीस परवानगी मिळाली. ऐषारामाचा लाभ एका गोलार्धात आणि विषारी धुळीचा धोका दुसऱ्यात, असा हा व्यवहार होता. जहाजतोडणीविषयीचा हाँगकाँग करार जून २०२५ पासून अमलात आला आहे. त्याची अंमलबजावणी किती कसोशीने होते यावर अलंगच्या कामगाराची फुप्फुसे अवलंबून आहेत.

या साऱ्या तुलनेतून धोरणासाठी निघणारे निष्कर्ष साधे आहेत. सर्वांत मोठ्या जहाजाला सामावून घेण्यासाठी धक्के खोल करीत राहणे हे प्रतिष्ठेचे काम असेल, फायद्याचे असेलच असे नाही. लहान आणि मध्यम जहाजे अधिक बंदरांना लागू शकतात, त्यांचे प्रवासी गावाला पेलवतात आणि त्यांचा पैसा किनाऱ्यावर उतरण्याची शक्यता अधिक असते. कोकणातील बंदरे उथळ आहेत, ही नेहमी उणीव म्हणून सांगितली जाते. लहान जहाजांचे धोरण स्वीकारले तर ती तितकीशी उणीव राहत नाही. वयाच्या बाबतीत वर्षे मोजण्याऐवजी तपासणी मोजावी: अग्निसुरक्षा, इंधन, सांडपाणी आणि कर्मचाऱ्यांचे करार. आणि जहाज विकत घेताना ते कोठे आणि कसे तोडले जाणार याची तजवीज खरेदीच्या कागदपत्रांतच व्हावी. जहाज किती मोठे आहे हे कंपनीला विचारता येते. ते किनाऱ्याला कितीला पडते, हे मात्र किनाऱ्यावरच्यांनाच मोजावे लागेल.