आकडा डॉक्टरांकडे, खबर घराकडे : विलगीकरण केंद्रातली डिजिटल निगराणी समजून घेऊ या

फणसवाडी, ठाकूरद्वार, भुलेश्वरच्या चाळींमध्ये एका खोलीत पाच-सहा माणसं राहतात आणि संडास बऱ्याच ठिकाणी मजल्यावर सामायिक असतो. २०२० मध्ये कोरोनाच्या सौम्य रुग्णाला घरी राहायची परवानगी मिळाली, पण अट होती की घरात वेगळं राहायची सोय हवी. ती सोय नसलेल्यांना पालिकेच्या कोविड केअर सेंटरमध्ये जावं लागलं. रुग्ण अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसला की पुढं घरच्यांच्या हातात फक्त फोन उरायचा. "आत काय चाललंय, कोण बघतंय?" हा प्रश्न तेव्हा घराघरांत होता. पुढच्या साथीतही तो असणार. म्हणून त्याचं उत्तर आताच समजून घेऊ.

मोजतात काय आणि का?

सौम्य रुग्णाला औषधापेक्षा लक्ष ठेवण्याची जास्त गरज असते. बहुतेक जण आपोआप बरे होतात. काहींची तब्येत मात्र पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास अचानक बिघडते. कोरोनात तर रुग्ण हसत-बोलत असायचा, दम लागल्याची तक्रार नसायची आणि रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असायचा. हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ताप, नाडी, मिनिटाला श्वास किती आणि ऑक्सिजन किती, हे रोज ठरावीक वेळी मोजतात. केंद्र सरकारच्या ८ मे २०२० च्या नियमानुसार केअर सेंटरमधल्या रुग्णाचा ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या खाली गेला, तर त्याला वरच्या दर्जाच्या आरोग्य केंद्रात हलवायचं होतं.

डिजिटल निगराणी म्हणजे हेच आकडे वहीऐवजी मोबाइलवरून पाठवणं. दक्षिण कोरियात २ मार्च २०२० पासून सौम्य रुग्णांसाठी वेगळी केंद्रं सुरू झाली. तिथल्या काही केंद्रांत रुग्ण स्वतः मोजून आकडे अ‍ॅपमध्ये भरायचे आणि दुसऱ्या गावातल्या इस्पितळाचे डॉक्टर ते पाहून व्हिडिओ कॉलवर बोलायचे. काही ठिकाणी अंगावर लावलेलं यंत्र स्वतःच आकडे पाठवायचं. फायदा असा की थोडे डॉक्टर पुष्कळ रुग्ण सांभाळू शकतात आणि त्यांना संसर्गाचा धोकाही कमी राहतो.

पण यंत्र फक्त आकडा दाखवतं. तो पाहून उठणारं माणूस आणि हलवायला खाट हवीच. मुंबईत जून २०२० मध्ये २४ वॉर्डांत वॉर रूम सुरू झाल्या, त्या याच कामासाठी. रिपोर्ट आला की रुग्णाशी बोलायचं, कुणाला केअर सेंटर आणि कुणाला इस्पितळ हे ठरवायचं, खाट शोधायची.

आकडा फसवतो तेव्हा

ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश सोडून मोजतो. त्यामुळं नखपॉलिश किंवा गडद मेंदी, खास करून काळी मेंदी लावलेल्या बोटावर आकडा चुकू शकतो. ईद किंवा लग्नाच्या दिवसांत मेंदी नसलेलं बोट निवडा. वजू करून हात गार पडले असतील तर आधी पुसून, चोळून गरम करा. पाच मिनिटं शांत बसा, हात हलवू नका आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहून ठेवा.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवलं की, गडद त्वचेच्या रुग्णांत ऑक्सिजन खरंच कमी असूनही यंत्र ठीक दाखवण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणून आकडा चांगला असला तरी धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर झाले किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला तर थांबू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या अ‍ॅपवर तर मुळीच विसंबू नका.

भीती जुनी आहे

साथ असलेल्या ठिकाणी जाऊ नये आणि तिथून पळूही नये, ही शिकवण आपल्याला हदीसमधून मिळाली आहे. तरी विलगीकरण म्हटलं की लोक आजार लपवतात. याच शहरात ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात प्लेगचं तपासणी पथक विणकर कुटुंबातल्या आजारी मुलीला न्यायला आलं आणि दंगल पेटली. आपलं माणूस कुठं नेतात, त्याचं काय करतात हे घरच्यांना कळत नव्हतं. त्याच काळात निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग इस्पितळं उघडली, कारण तिथं लोकांना भरवसा वाटत होता.

आमच्या मते डिजिटल निगराणीचा खरा उपयोग इथं आहे. जो आकडा डॉक्टरांना जातो, तोच रुग्णाच्या इच्छेनुसार घरीही गेला, तर भीती निम्मी कमी होईल. केंद्रात जाताना चार प्रश्न जरूर विचारा :

१. दिवसातून किती वेळा मोजणार?
२. रात्री आकडे कोण पाहणार?
३. घरच्यांना रोज खबर कोण देणार आणि कोणत्या भाषेत?
४. ही माहिती आणखी कुणाला दिली जाणार?

चौथा प्रश्न महत्त्वाचा आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात साथीच्या काळात उपचारासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे. रुग्णाची माहिती ही अमानत आहे. ती गल्लीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं आपणही टाळलं पाहिजे.

अनेक घरांत अम्मी-दादीकडे स्वतःचा स्मार्टफोन नसतो. त्यांना साधा फोन, लिहून दिलेला नंबर आणि उर्दू-मराठी बोलणारं माणूस लागतं. २०२० मध्ये पुण्याच्या आझम कॅम्पसनं मशिदीचा हॉल विलगीकरणासाठी देऊ केला होता. जागा देण्याची आपली तयारी आहेच. मोहल्ला कमिट्यांनी त्यासोबत दोन-चार चांगले ऑक्सिमीटर आणि ते वापरायला शिकलेली पाच-सहा मुलं-मुली आतापासून तयार ठेवावीत. साथ आल्यावर शिकायला वेळ मिळत नाही.