डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा नंबर आपण पाहतो का?

पालकसभेत एका अम्मीने आम्हाला मुलाची औषधाची चिठ्ठी दाखवली. आठ दिवस ताप उतरत नव्हता. चिठ्ठीवर 'डॉक्टर', पुढे दोन-चार अक्षरांची पदवी, मोबाइल नंबर, सगळं होतं. नोंदणी क्रमांक तेवढा नव्हता. "सर, पाच वर्षं त्यांच्याकडेच जातो. विचारायचं कसं?" त्या म्हणाल्या. मुलाला आजच सरकारी रुग्णालयात न्या, असं आम्ही सांगितलं. पण खरं सांगायचं तर आम्हीही आमच्या डॉक्टरांना कधी नंबर विचारला नव्हता.

पदवी मिळाली म्हणजे लगेच दवाखाना उघडता येतो, असं नाही. आधी कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे. आपल्याकडे अनेक घरं युनानी हकीमसाहेबांकडे जातात. त्यांची आणि आयुर्वेदाच्या वैद्यांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे होते. होमिओपॅथी, दंतवैद्य, नर्स, फार्मासिस्ट यांची कौन्सिलं वेगळी.

मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर 5 वर्षांनी नवी करावी लागते आणि तेवढ्या काळात नव्या ज्ञानाचे 30 क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. 2002 च्या नियमांनुसार हा क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर दिसायला हवा. म्हणजे तो पाहणं हा आपला हक्कच आहे. क्रमांक मिळाला की कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव तपासता येतं.

तक्रार कुठे करायची, इथे बरेच जण गोंधळतात. नोंदणी असलेल्या डॉक्टरांनी हलगर्जी केली, तर लेखी तक्रार कौन्सिलकडे. कौन्सिल ताकीद देऊ शकतं, काही काळासाठी किंवा कायमचं नाव रजिस्टरमधून काढू शकतं. नुकसानभरपाई मात्र देत नाही. ती हवी असेल तर ग्राहक आयोगाकडे जावं लागतं, तेही 2 वर्षांच्या आत. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच स्पष्ट केलं आहे.

आणि नोंदणीच नसेल तर? रजिस्टरमध्ये नसलेलं नाव कौन्सिल काढणार तरी कुठून! हा बोगस डॉक्टरचा मामला, म्हणजे गुन्हा. तालुका आरोग्य अधिकारी, महापालिकेचा आरोग्य विभाग किंवा पोलीस यांच्याकडे जा.

दोन्ही वेळी कागद लागतातच. चिठ्ठ्या, पावत्या, रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. दाखल पेशंटची कागदपत्रं मागितल्यावर 72 तासांत द्यावीत, असाही नियम आहे.

नंबर विचारला म्हणजे डॉक्टरांचा अपमान केला, असं नाही. शाळेत प्रवेश घेताना आम्ही मुलाचा दाखला मागतोच ना? मग मुलाचा जीव ज्यांच्या हाती सोपवतो, त्यांचा क्रमांक अदबीने विचारायला संकोच कशाला?