जुना हॅमंड ऑर्गन घेताना: आधी पाटी वाचा

मागच्या खेपेला पेटीवर बोललो, तेव्हा एका भजनी मंडळाकडून चिठ्ठी आली होती : ‘वर्गणी जमली आहे. अमेरिकेतून जुना हॅमंड ऑर्गन, फिरत्या स्पीकरसकट, आणावा का?’ शिर्डीत दिवसाला चार आरत्या, गुरुवारची पालखी, घरोघरी भजनं. इथं सुराचं वाद्य घेणं ही चैन नाही. म्हणून आजचा वेळ या प्रश्नालाच देतो.

व्होल्टेजची काळजी सगळेच करतात. तिकडं ११७, इकडं २३०. ट्रान्सफॉर्मर लावला की झालं, असं दुकानदारही सांगेल. ऑर्गन सुरू होईल, वाजेल, आणि बेसूर वाजेल. का, ते बघा.

लॉरेन्स हॅमंड हा मूळचा घड्याळवाला. विजेच्या लहरींशी पावलं जुळवून चालणारी मोटर त्यानं घड्याळासाठी केली, आणि १९३५ साली तशीच मोटर ऑर्गनमध्ये बसवली. आत एका लांब दांड्यावरच्या गिअरांनी फिरणाऱ्या ९१ दातेरी चकत्या असतात. चकतीचा दात चुंबकासमोरून गेला की शेजारच्या कॉइलमध्ये वीज हलते, तोच सूर. म्हणजे सूर ठरतो तो चकतीच्या वेगावर, आणि चकतीचा वेग ठरतो विजेच्या फ्रिक्वेन्सीवर. अमेरिकेत ती सेकंदाला ६०, तिथं मोटर मिनिटाला १२०० फेरे घेते. आपल्याकडं ५०, म्हणून १००० फेरे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो; फ्रिक्वेन्सीला तो हातही लावत नाही.

आता याचं पेटीच्या भाषेत काय होतं? ६ ला ५. श्रुतींचा अभ्यास केलेल्यांच्या लगेच लक्षात येईल, षड्ज आणि कोमल गंधाराचं नैसर्गिक गुणोत्तर हेच! तुम्ही काळी एक दाबली की खालची काळी पाच ऐकू येईल. कुणी म्हणेल, मग तीन पट्ट्या वर सरकून वाजवू, काळी एकसाठी पांढरी तीन दाबू. तेही पुरत नाही. पेटीचा कोमल गंधार ३०० सेंटवर, हा ३१६ वर. (शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर.) ते १६ सेंट शेजारच्या पेटीशी कायम भांडत राहणार. पेटीच्या असल्याच ठरीव सुरांवर नाकं मुरडून १९४० साली रेडिओनं तिच्यावर बंदी घातली होती, हे जाता जाता.

फसगत इथंच होते. विकणारा व्हिडिओ पाठवतो, तुम्ही मोबाइलच्या ट्यूनरवर पाहता, ४४० बरोबर येतो. येणारच, तो ६० च्या विजेवर वाजतोय. तोच ऑर्गन राहात्यात उतरवलात की ३६७ दाखवेल. म्हणून मागच्या पाटीचा फोटो मागवा. तिथं ५० सायकल लिहिलेलं असेल, म्हणजे इंग्लंड-युरोपसाठीचा असेल, तर पुढं बोला. त्याचं मोटर-गिअरचं गणितच वेगळं असतं. ६० चा घ्यायचाच असेल, तर शुद्ध साइन लहर देणारा फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर आजच खर्चात धरा.

‘नागिन’मधली बीन कल्याणजींनी क्लॅव्हियोलिनवर वाजवली. तिला ही अडचण नव्हती, कारण तिचा सूर व्हॉल्व्हच्या सर्किटमधून यायचा. हॅमंडनंही १९७५ च्या सुमारास चकत्यांचे ऑर्गन थांबवले. नंतरच्या ट्रान्झिस्टरवाल्यांना व्होल्टेज सांभाळलं की पुरतं. पण मंडळाला हवा आहे तो चकत्यांचाच, आणि आवाज ऐकला की त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

५० चा मिळाला तरी एक गोष्ट राहते. २००२ च्या आधी आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४८ पर्यंतही घसरायची. ४८ ला सूर ७० सेंट खाली. आता ती बरीच स्थिर आहे. पण उत्सवात जनरेटर लागतो, आणि भार कमी असला की साधा जनरेटर ५२ च्या आसपास पळतो. तेव्हा ऑर्गन वर चढणार. गायकाला कळणारही नाही कोण चढलं! (हशा)

फिरता स्पीकर म्हणजे डॉन लेस्लीचा. वरच्या सुरांना फिरता कर्णा, खालच्यांना फिरता ढोल. कर्ण्याला तोंडं दोन दिसतात, वाजतं एकच, दुसरं फक्त तोल सांभाळतं. आवाज तुमच्याकडं येतो नि दूर जातो, म्हणून तो डोलतो. ६० च्या मोटरी आपल्या विजेवर साधारण सहाव्या हिश्श्यानं हळू फिरतात. इथं सूर बिघडत नाही, नुसतं डोलणं मंदावतं. ते चालवून घेता येईल. ट्रान्सफॉर्मर मात्र हवाच. हळू आणि जलद, दोन्ही वेगांवर चालवून घ्या. पट्टा घसरतो का, खरखर येते का, ऐका.

ऑर्गन सुरू करताना ‘स्टार्ट’ आठेक सेकंद दाबून धरायचं, मग ते न सोडता ‘रन’ लावायचं, आणि चारेक सेकंदांनी ‘स्टार्ट’ सोडायचं. त्यावर चकत्या अडखळल्या, तर वर्षानुवर्षं तेल पडलेलं नाही असं समजा. आत सुती धाग्यांमधून तेल बेअरिंगपर्यंत झिरपतं, म्हणून हॅमंडचंच पातळ तेल, वर्षातून एकदा. आणि बी-३ बाक-पेडलांसह १९० किलोच्या घरात जातो. हॉल पहिल्या मजल्यावर असेल तर जिन्याचं वळण आजच मोजून ठेवा.