ज्येष्ठेचा मान

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरीचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पंचांगातील हा क्रम बदलत नाही. परंतु गौरीपुढे हात जोडणारी स्त्री मात्र वयाच्या प्रत्येक पायरीवर बदलत असते. एकच सण तिला जन्मभरात अनेकदा नव्याने भेटतो.

माझे माहेर कोकणातले. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. परकरी वयात ताम्हन घेऊन पाणवठ्यावर जावयाचे, सात खडे निवडावयाचे आणि मुखातून अक्षर न काढता घरी परतावयाचे. दारात आई पायांवर पाणी घाली, कुंकू लावी. देवीला घरी आणण्याचा मान आपला, एवढाच त्या वयातला सणाचा अर्थ. एरवी क्षणभर गप्प न बसणाऱ्या आम्हा मुलींना त्या वाटेवरचे मौन मुळीच जड वाटत नसे.

विवाहानंतर मराठवाड्यात आले. येथे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. धान्याने भरलेल्या कोठ्या, त्यांवर पितळी मुखवटे, जरीची लुगडी. आणि देवी एक नव्हे, दोघी: ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पहिल्याच वर्षी सासूबाईंनी कनिष्ठेचा मुखवटा माझ्या हाती दिला. ज्येष्ठा त्यांच्या हाती. उंबरठ्यापासून कुंकवाच्या पावलांवरून आम्ही दोघी जोडीने चाललो. स्वयंपाकघर, कोठीघर, देवघर, प्रत्येक दाराशी थांबून त्या देवीला घर दाखवीत होत्या. देवीच्या निमित्ताने ते घर मलाच दाखविले जात होते, हे पुष्कळ उशिरा उमगले. तिसऱ्या दिवशी माहेरवाशीण गौर निघाली तेव्हा माझे डोळे भरून आले. सासूबाईंनी काही न बोलता पाठीवरून हात फिरविला.

पुढे मुलेबाळे झाली आणि सणाचा अर्थ शोधण्यास उसंत उरली नाही. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सोळा पदरी दोरे, सवाष्ण-ब्राह्मणांची जेवणे. देवीकडे निवांत पाहण्याचा क्षण मिळे तो रात्री, मुले मखरापुढेच झोपी गेल्यावर.

मग मामंजी गेले. त्यानंतरच्या भाद्रपदात सासूबाई म्हणाल्या, “यंदापासून ज्येष्ठा तू आण. कनिष्ठेसाठी शेजारच्या वहिनींना बोलाव.” एवढे बोलून त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. मी मुखवटा घेतला. ‘रूढीच आहे’ अशी मनाची समजूत घातली आणि त्यांना एका शब्दानेही थांबविले नाही. त्यापुढे चौदा वर्षे त्यांनी महालक्ष्म्यांचे पुरण शिजविले. मुखवट्याला मात्र पुन्हा हात लावला नाही.

गेल्या वर्षी ती वेळ माझ्यावर आली. यजमानांच्या निधनानंतरचा तो पहिला सण. आवाहनाच्या सायंकाळी माझी पावले आपोआप त्याच दाराकडे वळली. तेवढ्यात सूनबाई ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन पुढे आली.

“आई, ज्येष्ठा तुम्हीच आणायची. मी कनिष्ठा घेते.”

“अगं, लोक काय म्हणतील?”

“या घरातले कोठीघर कोणते, देवघर कोणते, हे मला तुम्हीच दाखवलेत ना? मग देवीला दुसरे कोण दाखवणार?”

मला उत्तर सुचले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांनाही तसेच आवाहन केले, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. वाचून मान डोलावली होती. पण गावाने केलेला ठराव आणि घराच्या उंबरठ्याआत केलेला ठराव यांत अंतर असते. ते अंतर माझ्या सुनेने चार पावलांत ओलांडले.

ज्येष्ठा म्हणजे थोरली. मखरातल्या थोरलीला भरजरी वस्त्र नेसवावयाचे आणि घरातल्या थोरलीला दाराआड उभे करावयाचे, हे त्या माउलीला कसे रुचावे? परंपरा मोडावी असे माझे म्हणणे नाही. गौर यावी, जेवावी, ओटी घेऊन जावी. परंतु आवाहनापूर्वी प्रत्येक घराने एकवार मागे वळून पाहावे: दाराआड कोणी उभे तर नाही ना?

त्या सायंकाळी आम्ही दोघी कुंकवाच्या पावलांवरून निघालो. कोठीघर झाले, देवघर झाले. स्वयंपाकघराच्या दाराशी मी नेहमीपेक्षा अधिक वेळ थांबले. सासूबाई जेथे चौदा वर्षे उभ्या राहिल्या, ती जागा मी ज्येष्ठेला दाखविली. मनोमन त्यांची क्षमा मागितली आणि मग पुढे पाऊल टाकले.